ओटी कॉम्पॅक्ट: लायसन्स एका राज्याचं, पेशंट दुसऱ्या राज्यात

गोदातीर

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) करणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो: "कॉम्पॅक्ट आला, म्हणजे आता दुसऱ्या राज्याचं लायसन्स काढायला नको ना?" कॉम्पॅक्ट म्हणजे लायसन्सबद्दलचा राज्याराज्यांतला करार. उत्तर 'हो' आणि 'नाही'च्या मधलं आहे, म्हणून हा वेगळा धागा.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. एनबीसीओटीची (ओटींना प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) परीक्षा देशभर एकच, ३०० ते ६०० च्या मापावर ४५० गुणांना पास. पण ती पास झालात म्हणून कुठेही काम करता येत नाही. लायसन्स प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं. सिनसिनाटीत राहून नदीपलीकडे कोव्हिंग्टनमध्ये पेशंट बघायचा तर ओहायोचं आणि केंटकीचं अशी दोन लायसन्सं, दोन फिया, दोन नूतनीकरणं. यावर तोडगा म्हणून एओटीए (ओटींची राष्ट्रीय संघटना) आणि एनबीसीओटीने कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्सच्या मदतीने आंतरराज्य कराराचा नमुना कायदा बनवला. दहा राज्यांनी तो मंजूर केला की करार अस्तित्वात, अशी अट होती. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये सुरुवात केली, २०२२ मध्ये दहाचा आकडा गाठला गेला आणि त्याच वर्षी करार चालवणाऱ्या आयोगाची पहिली बैठक झाली. आता सदस्य राज्यं तीसच्या वर आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्यं बाहेर आहेत.

आता मुद्द्याचं. कॉम्पॅक्टमधून मिळतं ते 'प्रिव्हिलेज', लायसन्स नव्हे. तुमचं होम स्टेटचं लायसन्स हा पाया, आणि त्यावर उभी असलेली दुसऱ्या राज्यातली परवानगी म्हणजे प्रिव्हिलेज. पाया हलला की वरचं सगळं एकदम खाली येतं. होम स्टेट कुठलं हे तुम्ही ठरवत नाही. तुमचं मुख्य राहतं घर ज्या राज्यात, ते होम स्टेट. नोकरी कुठे, पहिलं लायसन्स कुठलं, शिकलात कुठे, याचा इथे काही संबंध नाही.

नर्सेसच्या कॉम्पॅक्टशी याची गल्लत फार होते. त्यांचं मल्टिस्टेट लायसन्स म्हणजे ट्रकचं नॅशनल परमिट, एकदा काढलं की सगळी सदस्य राज्यं खुली. आपलं तसं नाही. फिजिओथेरपीवाल्यांसारखं प्रत्येक राज्यासाठी वेगळं प्रिव्हिलेज, वेगळी फी.

प्रिव्हिलेज मागताना काय लागतं:

होम स्टेटचं चालू लायसन्स. कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही लायसन्सवर निर्बंध नसणं (फक्त होम स्टेटच्या नव्हे, 'कुठल्याही'वर लक्ष द्या). सोशल सिक्युरिटी नंबर किंवा एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक). आधी कधी शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर दंड भरून, अटी पूर्ण करून दोन वर्षं उलटलेली असणं. बोटांच्या ठशांसकट एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी, खर्च आपला. ज्या राज्यात जायचं त्याची कायदेविषयक परीक्षा असेल तर ती. मग आयोगाची फी आणि त्या राज्याची फी.

अर्ज कॉम्पॅक्टकनेक्ट या सिस्टिममधून होतो. ओटी, समुपदेशक आणि स्पीच-ऑडिओलॉजी या तीन करारांनी मिळून ती बनवून घेतली आहे. आणि इथेच लोक फसतात: राज्याने कायदा मंजूर करणं आणि राज्याने प्रिव्हिलेज द्यायला सुरुवात करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर राज्य रंगवलेलं दिसलं म्हणून नोकरीची ऑफर स्वीकारू नका. तुमचं होम स्टेट आणि जायचं ते राज्य, दोन्ही सिस्टिमला जोडली जाऊन चालू झालेली हवीत. एकच बाजू तयार असेल तर उपयोग शून्य.

---

नवखा_थेरपिस्ट

उत्तम धागा. एक शंका. समजा माणूस राहतो न्यूयॉर्कमध्ये, पण त्याच्याकडे न्यूयॉर्कसोबत व्हर्जिनियाचंही लायसन्स आहे. व्हर्जिनिया सदस्य आहे, मग व्हर्जिनियाच्या लायसन्सवर मेरीलँडचं प्रिव्हिलेज मिळेल का? रिक्रूटर म्हणतो मिळेल.

---

गोदातीर

@नवखा_थेरपिस्ट, नाही मिळणार. रिक्रूटरचं म्हणणं सोडून द्या, त्याला जागा भरायची आहे.

व्हर्जिनियाचं ते लायसन्स त्या माणसापुरतं 'सिंगल स्टेट' लायसन्स. व्हर्जिनियात काम करायला एकदम चालतं, पण त्यावर प्रिव्हिलेज उभं राहत नाही, कारण घर न्यूयॉर्कमध्ये आणि न्यूयॉर्क करारात नाही. याला मेरीलँडचं लायसन्स नेहमीच्या रस्त्याने, एनबीसीओटीकडून गुण पाठवून आणि बाकी राज्यांच्या बोर्डांकडून पडताळणी मागवूनच काढावं लागेल.

भावाचा किंवा मित्राचा व्हर्जिनियातला पत्ता देऊन काम साधतं का, असंही लोक विचारतात. करू नका. राहतं घर म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता, केंद्रीय टॅक्स रिटर्नवरचा पत्ता, डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारा पगार आणि कराचा कागद), हे सगळं एका दिशेला बोट दाखवणारं हवं. खोटा पत्ता पकडला गेला तर प्रश्न प्रिव्हिलेजपुरता राहत नाही, बोर्डाला खोटी माहिती दिल्याचा ठपका थेट मूळ लायसन्सवर येतो.

राहत्या घराचा पुरावा म्हणून काही ठिकाणी मतदार नोंदणी सुचवलेली दिसेल. आपल्यातले जे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी त्या वाटेला अजिबात जाऊ नये. मतदार नोंदणी फक्त नागरिकांसाठी. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) फॉर्मवर नजरचुकीने तो चौकोन टिकमार्क झाला, तरी नागरिकत्वाचा खोटा दावा म्हणून इमिग्रेशनमध्ये कायमचं अडकायला होतं.

ट्रॅव्हल थेरपिस्टांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: आयआरएसचं (केंद्रीय कर खात्याचं) 'टॅक्स होम' आणि कॉम्पॅक्टचं राहतं घर यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. टॅक्स होम मुख्यतः कामाच्या ठिकाणावरून ठरतं. एक सिद्ध झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

---

सिनसिनाटीकर

सीमेवर काम करणाऱ्यांसाठी पुरवणी जोडतो. प्रिव्हिलेज मिळालं की त्या राज्याचे नियम लागतात, आपल्या होम स्टेटचे नाही. ऐकायला साधं आहे, गोंधळ इथेच होतो.

पहिलं उदाहरण फिजिकल एजंट मोडॅलिटीजचं, म्हणजे उष्णता, ध्वनिलहरी, वीज वापरून करायच्या उपचारांचं. ओहायोतला थेरपिस्ट हातावर अल्ट्रासाउंड, इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन रोज वापरत असेल. केंटकीत 'डीप फिजिकल एजंट मोडॅलिटी'साठी बोर्डाची वेगळी मान्यता लागते. नुसतं प्रिव्हिलेज हातात आहे म्हणून तिथे मशीन लावलं, तर ते कार्यकक्षेबाहेरचं काम झालं. टेनेसीतून चॅटनूगाच्या बाजूने जॉर्जियात जाणाऱ्यांनीही जॉर्जियाचा मोडॅलिटीचा नियम आधी वाचावा. हँड थेरपीवाल्यांना हे सगळ्यात जास्त नडतं, कारण त्यांचं रोजचं निम्मं काम यावरच चालतं.

दुसरं, असिस्टंटचं. करारात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या राज्यात प्रिव्हिलेजवर काम करणाऱ्या ओटीएवर (ओटी असिस्टंटवर) देखरेख करणारा ओटी त्या राज्यात लायसन्सधारक किंवा प्रिव्हिलेजधारक हवा. नर्सिंग होमच्या साखळ्यांमध्ये पर्यवेक्षक ओटी बसतो ओहायोत, ओटीएला पाठवतात केंटकीच्या शाखेत. कंपनी ओटीएचं प्रिव्हिलेज काढते आणि पर्यवेक्षकाचं विसरते. मग त्या काळातल्या सगळ्या नोंदी आणि बिलं अडचणीत. वेळापत्रक लावण्याआधी दोघांचीही नावं त्या राज्यात तपासावीत. देखरेखीच्या नोंदी किती दिवसांनी करायच्या, सही कोणाची, हेही राज्याप्रमाणे बदलतं.

तिसरं, डॉक्टरांचं रेफरल. काही राज्यांत मूल्यांकन रेफरलशिवाय करता येतं, उपचाराला मात्र लागतं. काहींत दोन्हीला लागत नाही. विमा कंपनीची अट आणखी निराळी. प्रिव्हिलेज घेण्याआधी त्या राज्याचा प्रॅक्टिस अ‍ॅक्ट आणि बोर्डाचे नियम, दोन्ही उघडून वाचा. अ‍ॅक्टमध्ये ढोबळ लिहिलेलं असतं, खाचाखोचा नियमांत सापडतात.

---

कडीपत्ता

फी आणि तारखांबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून मी लिहिते.

प्रिव्हिलेजची मुदत होम स्टेटच्या लायसन्ससोबत संपते. समजा लायसन्स ३० जूनला संपतंय आणि तुम्ही एप्रिलमध्ये प्रिव्हिलेज घेतलं, तर पूर्ण फी भरून हातात आले जेमतेम तीन महिने. जुलैत लायसन्स नवं झालं की प्रिव्हिलेजही नव्याने पुढे न्यावं लागतं आणि त्याचे पैसे पुन्हा. काम थांबवता येत असेल तर आधी लायसन्सचं नूतनीकरण उरका, मग प्रिव्हिलेज घ्या. नूतनीकरणाचा हिशेब काही राज्यांत जन्ममहिन्यावर असतो, काहींत सगळ्यांची एकच तारीख. आपली कुठली, हे आधी बघावं.

लायसन्स नूतन केलं की प्रिव्हिलेज आपोआप वाढतं असं समजून बसू नका. आणि उलट बाजू जास्त धोक्याची: नूतनीकरण दोन दिवस उशिरा झालं, तर होम स्टेट विलंब शुल्क घेऊन मोकळं होईल, पण त्या दोन दिवसांत दुसऱ्या राज्यात पाहिलेले पेशंट हे विनापरवाना काम ठरतं.

सीईच्या (लायसन्स टिकवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाच्या) बाबतीत मात्र सुटका आहे. प्रिव्हिलेजधारकाला होम स्टेटचेच सीईचे तास पूर्ण करायचे असतात. चार राज्यांची चार लायसन्सं बाळगणाऱ्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल. कुठे एथिक्सचे तास सक्तीचे, कुठे आणखी कशाचे, कुठे वर्षाचा हिशेब तर कुठे दोन वर्षांचा. एनबीसीओटीचं नूतनीकरण यापासून वेगळं, दर तीन वर्षांनी ३६ युनिट. 'ओटीआर' (नोंदणीकृत ओटी) हे नावापुढे लावायचं असेल तर ते चालू ठेवावंच लागतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. एकाच शेजारच्या राज्यात, वर्षानुवर्षं, पक्क्या नोकरीवर काम असेल तर तिथलं सिंगल स्टेट लायसन्स काही वाईट नाही. कॉम्पॅक्टचा खरा फायदा ज्यांना तीन-चार राज्यं लागतात त्यांना: ट्रॅव्हलवाले, टेलिहेल्थवाले, आणि सैन्यात असणाऱ्यांचे जोडीदार. आणि हातात असलेलं दुसऱ्या राज्याचं लायसन्स प्रिव्हिलेज प्रत्यक्ष मिळण्याआधी सोडून देऊ नका. करार तुमची जुनी लायसन्सं रद्द करत नाही.

---

मेधा_ओटी

एच-१बीवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण इंग्रजी फोरम्सवर हा मुद्दा येतच नाही.

प्रिव्हिलेज म्हणजे व्यवसाय करायची परवानगी. नोकरी करायची परवानगी इमिग्रेशनची, आणि दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. एच-१बीचा अर्ज मालकाशी आणि कामाच्या जागेशी बांधलेला असतो. जागा बदलून मूळ महानगर क्षेत्राच्या बाहेर गेली तर आधी सुधारित अर्ज दाखल करावा लागतो, हे २०१५ च्या सिमियो प्रकरणापासून पक्कं झालंय. थोड्या दिवसांच्या नेमणुकीसाठी सवलत आहे, पण तिला दिवसांची मर्यादा आणि अटी आहेत. ती गृहीत धरून वेळापत्रक आखू नये.

सीमावर्ती शहरांत एक गंमत आहे. सिनसिनाटीचं महानगर क्षेत्र ओहायो, केंटकी आणि इंडियाना असं तीन राज्यांत पसरलंय. त्यामुळे त्याच मालकाच्या कोव्हिंग्टनच्या शाखेत जाताना राज्य बदलतं (म्हणून प्रिव्हिलेज हवं), पण महानगर क्षेत्र बदलत नाही (म्हणून सुधारित अर्ज लागत नाही, फक्त एलसीएची, म्हणजे मालकाने कामगार खात्याकडे भरलेल्या अर्जाची, सूचना नव्या जागी लावावी लागते). उलट त्याच ओहायोत सिनसिनाटीहून क्लीव्हलँडला गेलात तर प्रिव्हिलेजचा प्रश्नच नाही, सुधारित अर्ज मात्र लागेल. म्हणजे दोन नकाशे एकावर एक ठेवून बघायचे.

आणखी दोन गोष्टी. शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात पीआरएन (गरज पडेल तेव्हाचं) काम घ्यायचं असेल, तर त्या दुसऱ्या मालकाचा वेगळा एच-१बी अर्ज लागतो, प्रिव्हिलेज कितीही असू दे. आणि घरून टेलिहेल्थ करत असाल तर घर ही कामाची जागा झाली, ती एलसीएमध्ये असायला हवी. वकिलाची फी मालक देतो, तेव्हा विचारायला लाजू नका.

---

तिरकीट

बोटांचे ठसे आणि नाव, या दोन ठिकाणी आपल्या लोकांचे अर्ज हमखास अडतात.

ठशांचं आधी. नोकरीच्या वेळी रुग्णालयाने केलेली तपासणी इथे चालत नाही. दुसऱ्या राज्याच्या बोर्डाने पूर्वी केलेली सुद्धा नाही. एफबीआयचा निकाल ज्या संस्थेने ज्या कारणासाठी मागवला तिच्यापुरताच असतो, तो इकडून तिकडे पाठवता येत नाही. कॉम्पॅक्टसाठी तपासणी होम स्टेटने केलेली हवी. ज्यांचं लायसन्स राज्यात ठशांचा नियम येण्याआधीचं आहे, त्यांना पहिल्या प्रिव्हिलेजच्या वेळी नव्याने जावं लागतं. कायदा होऊनही अनेक राज्यं लवकर सुरू झाली नाहीत त्यामागेही हे एक कारण: राज्याच्या कायद्यातली ठशांबद्दलची भाषा एफबीआयने मान्य करावी लागते, त्याशिवाय बोर्डाला माहिती मिळत नाही.

ज्यांचे हात दिवसभर सॅनिटायझरमध्ये, थेरापुटीत (हाताच्या व्यायामाच्या मऊ गोळ्यात) आणि स्प्लिंट पॅनच्या गरम पाण्यात असतात त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. लाइव्हस्कॅनवर (ठसे घ्यायच्या मशीनवर) ठसा हिरवा दिसतो, आठवड्याने 'दर्जा अपुरा' म्हणून परत येतो. जायच्या आधी तीन-चार दिवस रात्री साधं मॉइश्चरायझर लावा, पण त्या दिवशी सकाळी लावू नका, नाहीतर काच चिकट होऊन ठसा पसरतो. त्या दिवशी सॅनिटायझर टाळा. ठसे घेणाऱ्याला सांगून बोट कमी दाबून घ्या. दाब जास्त झाला की रेषा एकमेकींत मिसळतात. दोनदा दर्जामुळे नाकारले गेले तर नावावरून तपासणी करायची सोय आहे. ती बोर्डाकरवी मागावी लागते, आपोआप होत नाही, म्हणून नकाराची दोन्ही पत्रं जपून ठेवा.

आता नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं एकत्र. सोशल सिक्युरिटीवर तिसराच क्रम, आणि लग्नानंतर बदललं असेल तर चौथा. एनबीसीओटीकडे एक, बोर्डाकडे एक आणि सोशल सिक्युरिटीकडे एक असं असेल तर सिस्टिमला ही तीन माणसं वाटतात. अर्जाच्या आधी तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या. क्रम असा ठेवा: आधी सोशल सिक्युरिटी, मग बोर्ड, मग एनबीसीओटी, शेवटी एनपीआय. पुढचा प्रत्येकजण मागच्याचा कागद मागतो, म्हणून हा क्रम. एनपीआय फुकट मिळतो, दहा अंकी असतो आणि त्यातला पत्ता-नाव ऑनलाइन बदलता येतं.

---

सुगरण

टेलिहेल्थचं काय? मूल ओहायोचं, सेशन चालू आहेत, उन्हाळ्यात कुटुंब दोन महिने भलत्याच राज्यात आजीकडे जातं. किंवा सरळ पुण्याला जातं. थेरपिस्ट घरीच आहे. चालेल?

---

गोदातीर

@सुगरण, नियम एकच: सेशनच्या क्षणी पेशंट जिथे, तिथे उपचार झाले असं धरतात. थेरपिस्ट कुठे बसलाय हे दुय्यम. मूल सदस्य राज्यात गेलं असेल तर तिथलं प्रिव्हिलेज, नसेल तर तिथलं लायसन्स. तात्पुरत्या कामाची सूट काही राज्यांच्या कायद्यात असते, पण ती त्या राज्याची, कराराची नाही, आणि ती राज्यागणिक बदलते.

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला 'आज तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या राज्यात आहात' हे विचारून नोंदीत लिहायची सवय लावा. हे एक वाक्य चौकशीच्या वेळी फार कामाला येतं. तातडीची मदत बोलवावी लागली तर पत्ताही हाताशी असतो.

पुण्याला गेलं तर कॉम्पॅक्टचा संबंध संपला. करार अमेरिकेतल्या राज्यांचा आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी करायला मुंबईच्या राज्य परिषदेची नोंदणी लागते, आणि देशाबाहेर दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्रीय विमा) देत नाही. थेरपिस्टच सुट्टीला पुण्याला आलाय आणि तिथून ओहायोच्या पेशंटला बघतोय, हेही त्याच कारणाने टाळा. खासगी विम्यांचे करारही बहुतेक वेळा हे चालू देत नाहीत. दोन महिन्यांसाठी आईवडिलांना घरचा कार्यक्रम लिहून द्या आणि परतल्यावर पुनर्मूल्यांकन करा, हेच बरं.

---

सिनसिनाटीकर

बिलिंगचं एक टोक राहिलं. प्रिव्हिलेजला मेडिकेअर पूर्ण लायसन्ससारखं मानतं, त्याबद्दल काळजी नको. पण खासगी प्रॅक्टिसवाल्यांना मेडिकेअरच्या पार्ट बीची (बाह्यरुग्ण सेवांच्या भागाची) नोंदणी त्या भागाच्या कंत्राटदाराकडे करावी लागते, आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) तर प्रत्येक राज्याचं स्वतंत्र. प्रिव्हिलेज काही मिनिटांत मिळालं तरी मेडिकेडची नोंदणी काही आठवडे खाते, आणि तोवर पाहिलेल्या पेशंटचे पैसे मिळतीलच असं नाही. शाळेत काम करणाऱ्यांनी बोर्डासोबत त्या राज्याच्या शिक्षण खात्याकडेही विचारावं. काही राज्यांत शाळेतल्या ओटीला शिक्षण खात्याचा वेगळा परवाना लागतो आणि तो कॉम्पॅक्टमध्ये येत नाही.

---

फाटक_रि

सदस्य राज्यातून सदस्य राज्यात घरच हलवायचं असेल तर? व्हर्जिनिया सोडून कोलोरॅडो, असं समजा.

---

कडीपत्ता

@फाटक_रि, यासाठी करारात वेगळी तरतूद आहे आणि ती लोकांना माहीतच नसते. क्रम महत्त्वाचा.

व्हर्जिनियात राहत असतानाच कोलोरॅडोचं प्रिव्हिलेज घ्या. मग घर हलवताना त्या प्रिव्हिलेजच्या आधारे कोलोरॅडोत नव्या होम स्टेट लायसन्ससाठी अर्ज करा, फी भरा आणि दोन्ही राज्यांना कळवा. कोलोरॅडो तुमची नोंद तपासेल, ठशांची तपासणी आधी झालेली नसेल किंवा जुनी झाली असेल तर करेल, आणि कायदेविषयक अट असेल तर ती मागेल. परीक्षेचे गुण, ट्रान्सक्रिप्ट, सगळं पहिल्यापासून गोळा करणं वाचतं. नवं लायसन्स सुरू झालं की व्हर्जिनियाचं जुनं लायसन्स प्रिव्हिलेजमध्ये बदलतं.

आधी सामान हलवलं, ड्रायव्हिंग लायसन्स बदललं आणि मग अर्जाला बसलात तर? तुमचं राहतं घर आता कोलोरॅडोत, म्हणजे व्हर्जिनियाचं लायसन्स होम स्टेटचं राहिलं का, हा प्रश्न उभा राहतो आणि त्यावरची बाकीची प्रिव्हिलेजेसही टांगणीला लागतात. बाहेरच्या राज्यात, म्हणजे कॅलिफोर्नियात वगैरे गेलात, तर ही सोय नाहीच. तिथलं लायसन्स नेहमीच्या पद्धतीने, आणि सगळी प्रिव्हिलेजेस गेली.

सैन्यातल्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना सवलत आहे: चालू लायसन्स असलेलं एखादं राज्य होम स्टेट म्हणून ठरवता येतं आणि सेवा चालू असेपर्यंत ते टिकतं.

---

तिरकीट

तक्रार झाली तर काय होतं, तेही इथेच नोंदवून ठेवू.

दुसऱ्या राज्यात तक्रार झाली तर ते राज्य तुमच्या प्रिव्हिलेजवर कारवाई करू शकतं, तुमच्या होम लायसन्सवर नाही. तो अधिकार फक्त होम स्टेटचा. पण प्रकरण डेटा सिस्टिममध्ये जातं आणि होम स्टेटने ते स्वतःच्या हद्दीत घडल्यासारखं हाताळायचं असतं. होम लायसन्सवर निर्बंध आला तर सगळ्या राज्यांतली प्रिव्हिलेजेस एकदम जातात, आणि निर्बंध उठल्यावर दोन वर्षं परत मिळत नाहीत. चौकशी चालू असताना घर बदलून सुटका होत नाही, जुनं होम स्टेट ती पूर्ण करतं.

सदस्य नसलेल्या राज्यात काही कारवाई झाली असेल तर ती तुम्ही स्वतः आयोगाला ३० दिवसांत कळवायची आहे. लोक इथे चुकतात. 'कॅलिफोर्निया करारात नाही, त्यांना कसं कळणार' असं धरून चालतात. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत (अशा कारवायांच्या देशभरच्या नोंदींत) ते दिसतंच. अर्जाआधी डेटा बँकेवर स्वतःचीच माहिती मागवून बघता येते. विसरलेला जुना सीईचा दंड तिथे सापडू शकतो.

---

नवखा_थेरपिस्ट

शेवटचा प्रश्न, मुंबईत बीओटी (ओटीची पदवी) करणाऱ्या धाकट्या बहिणीच्या वतीने. कॉम्पॅक्टमुळे परदेशी शिकलेल्यांचा रस्ता सोपा होतो का?

---

मेधा_ओटी

@नवखा_थेरपिस्ट, नाही. कॉम्पॅक्ट सुरू होतो पहिलं लायसन्स हातात आल्यावर. त्याआधीचा सगळा डोंगर तसाच आहे: एनबीसीओटीची ओटीईडी पात्रता तपासणी, इंग्रजीची परीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. व्हिसासाठी आरोग्यकर्मी म्हणून लागणारं प्रमाणपत्र वेगळं, ते एनबीसीओटी किंवा ट्रूमेरिट (पूर्वीचं सीजीएफएनएस, परदेशी आरोग्यकर्मींची कागदपत्रं तपासणारी संस्था) देतं.

ओटीईडीत बीओटीचा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या मास्टर्स पातळीशी ताडून बघतात, आणि इथेच बऱ्याच जणांना कमतरता दाखवली जाते. म्हणून तिने आत्तापासून प्रत्येक विषयाचा सिलॅबस, तासांसकट, आणि क्लिनिकल पोस्टिंगचे तास विभागवार सही-शिक्क्याने घेऊन ठेवावेत. पास होऊन पाच वर्षांनी कॉलेजात तोच कागद मागायला गेलं की जुनी रजिस्टरं शोधण्यात महिने जातात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जावं लागतं, हातोहात दिलेलं चालत नाही. इंटर्नशिप झाल्याबरोबर राज्य परिषदेची नोंदणी करून ती चालू ठेवावी, कारण पुढे 'गुड स्टँडिंग'चा दाखला तिथूनच येणार. नोंदणी मधे खंडित असेल तर त्या काळाचा खुलासा मागतात.

आणि राज्य निवडताना आता एक निकष वाढला: पहिली नोकरी सदस्य राज्यात मिळून घरही तिथेच झालं, तर पुढे शेजारची राज्यं प्रिव्हिलेजवर खुली होतील. सोशल सिक्युरिटी नंबर यायला वेळ लागला तरी करारात एनपीआय चालतो. राज्याच्या बोर्डाला मात्र बहुतेक ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबरच हवा असतो, त्याची पर्यायी सोय कुठल्या बोर्डाकडे आहे हे अर्जाच्या फीआधी विचारून घ्यावं. ती फी सहसा परत मिळत नाही.